दारूकोठारात दडलेलं देवघर

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा किल्ल्याच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर एक अवाढव्य तोफ ठेवली आहे. तिचं नाव मॉन्स मेग. १४४९ साली आजच्या बेल्जियममधल्या मॉन्स गावी घडवलेली, सहा टनांहून जड, दीडशे किलोचा दगडी गोळा फेकणारी. किल्ला बघायला आलेली मंडळी तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. त्या फोटोत तोफेच्या मागे एक बसकं, करड्या दगडाचं, उतरत्या छपराचं घर येतं. न मनोरा, न घंटा, न नक्षी. पाहणाऱ्याला वाटतं, तोफखान्याचं सामान ठेवायची खोली असेल.

हा अंदाज अगदीच चुकीचा नाही. या घरात बराच काळ खरोखरच तोफांची दारू साठवली जात होती. पण घर त्याहून कितीतरी जुनं आहे. आज एडिंबरा शहरात उभ्या असलेल्या इमारतींत सगळ्यात जुनी हीच. साधारण ११३० च्या सुमारास बांधलेलं हे सेंट मार्गारेटचं चॅपल. आत जेमतेम वीस माणसं मावतात.

चॅपल म्हणजे गावाचं चर्च नव्हे. गावाचं चर्च सगळ्यांचं असतं. तिथे बाप्तिस्मा होतो, लग्नं लागतात, माणसं पुरली जातात. चॅपल एखाद्या घराण्याचं, संस्थेचं किंवा वाड्याचं. आपल्याकडच्या वाड्यात देवघर असायचं, तसंच. एडिंबऱ्याचं चॅपल हे स्कॉटलंडच्या राजघराण्याचं किल्ल्यावरचं देवघर होतं. ते कोणी बांधलं, याचा लेख नाही, शिलालेख नाही. जे काही कळलं आहे ते मुख्यतः आतल्या एका कमानीवरून. ती कशी वाचायची हे एकदा लक्षात आलं, की युरोपातली ११-१२ व्या शतकातली कुठलीही लहानमोठी इमारत बघताना नजर आपोआप योग्य जागी जाते.

आधी मार्गारेट कोण ते पाहू.

मार्गारेटचा जन्म १०४५ च्या आसपास हंगेरीत झाला. घराणं इंग्लंडच्या जुन्या सॅक्सन राजांचं, पण परागंदा झालेलं. लहानपणीच ती इंग्लंडला आली आणि १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर पुन्हा पळावं लागलं. या वेळी आसरा मिळाला स्कॉटलंडचा राजा माल्कम तिसरा याच्याकडे. १०७० च्या सुमारास डनफर्मलिन इथे दोघांचं लग्न झालं. नवरा लढवय्या, बायको शिकलेली, धार्मिक, गोरगरिबांना स्वतःच्या हाताने वाढणारी. तिचं चरित्र टरगॉट नावाच्या धर्मगुरूने लिहिलं. तो तिला जवळून ओळखत होता, पण चरित्र लिहून घेतलं ते तिच्या मुलीने; म्हणजे त्यात आईचं कौतुक जरा जास्तच असणार, हे धरून वाचायचं. फोर्थच्या खाडीवर यात्रेकरूंसाठी तिने होड्यांची सोय केली. त्या जागेला अजूनही क्वीन्सफेरी, म्हणजे राणीचा तर, असंच नाव आहे.

१३ नोव्हेंबर १०९३ रोजी माल्कम आणि त्यांचा थोरला मुलगा एडवर्ड इंग्लंडमधल्या अ‍ॅनिकजवळच्या लढाईत मारले गेले. मार्गारेट आधीच अंथरुणाला खिळलेली होती. ही बातमी तिला एडिंबरा किल्ल्यावर कळली आणि १६ नोव्हेंबरला तिथेच तिने प्राण सोडला. माल्कमच्या भावाने गादीसाठी किल्ल्याला वेढा घातला होता. तेव्हा तिचा देह पश्चिमेकडच्या चोरदरवाजाने, दाट धुक्याच्या आडून बाहेर काढून डनफर्मलिनला नेला, अशी जुनी हकिगत आहे. १२५० मध्ये पोपने तिला संत घोषित केलं.

राणी संत झाली, मेली ती याच किल्ल्यावर, आणि किल्ल्यावर एक जुनं चॅपल आहे. लोकांनी हिशेब सरळ लावला: हे चॅपल तिनेच बांधलं, ती इथेच गुडघे टेकून प्रार्थना करायची. आजही कितीतरी पर्यटक हीच गोष्ट ऐकून परततात. गोष्ट सुंदर आहे. फक्त आतली ती कमान या गोष्टीला खोटी पाडते.

कमान काय सांगते

आत शिरल्यावर पहिली लागते ती एक साधी चौकोनी खोली, साधारण सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद. इंग्रजीत हिला नेव्ह म्हणतात; आपण सभामंडप म्हणू, सभा फारच छोटी असली तरी. पूर्वेच्या टोकाला अर्धगोल गाभारा. त्याला ऍप्स म्हणतात आणि वेदी तिथे असते. या दोन्हींच्या मधे भिंतीत कापल्यासारखी एक अर्धवर्तुळाकार कमान. तिच्यावर, फक्त सभामंडपाच्या बाजूने, करवतीच्या दातांसारखी नक्षी खोदली आहे: वर-खाली, वर-खाली, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत. साऱ्या चॅपलमध्ये मिरवण्यासारखं कोरीवकाम म्हणाल तर एवढंच.

या दातेरी नक्षीला शेव्हरॉन म्हणतात. ब्रिटनमधल्या रोमनेस्क, म्हणजे ११-१२ व्या शतकातल्या अर्धगोल कमानींच्या, इमारतींची ही ठळक खूण. आणि तिला जन्मतारीख आहे, अगदी दिवस-महिना नसला तरी दशक सांगता येईल इतपत. इंग्लंडमध्ये ही नक्षी सर्रास दिसायला लागते ती ११०० नंतर. उत्तरेकडे तिचा मोठा कारखाना म्हणजे डरहॅमचं कॅथीड्रल. त्याचा पाया ११ ऑगस्ट १०९३ रोजी घातला गेला. त्या समारंभाला खुद्द राजा माल्कम हजर होता आणि तिथला मुख्य महंत होता तोच टरगॉट, मार्गारेटचा चरित्रकार. डरहॅमच्या बांधकामातही दातेरी नक्षी पहिल्या दिवसापासून नाही. काम पुढे सरकत गेलं तशी ती १११० च्या आसपास अवतरते.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. डरहॅमचा पाया भरल्यावर तीन महिन्यांनीच मार्गारेट गेली. तिथल्या गवंड्यांच्या हातात ही नक्षी आली ती त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. मग तिच्या हयातीत एडिंबऱ्याच्या कड्यावर ती कोण खोदणार?

दुसरा पुरावा डनफर्मलिनचा. तिथे मार्गारेटने स्वतः एक चर्च उभारलं होतं. १९१६ साली आजच्या मठाच्या जमिनीखाली खोदकाम झालं तेव्हा त्याचा पाया सापडला. लहान, साधं, कसलाही डामडौल नसलेलं बांधकाम. त्याच जागेवर तिच्या धाकट्या मुलाने, राजा डेव्हिड पहिल्याने, ११२८ मध्ये भलंमोठं मठमंदिर सुरू केलं. त्याच्या काही खांबांवर खोदलेल्या दातेरी रेघा थेट डरहॅमची आठवण करून देतात. कारागीर तिकडूनच आले असणार, हे इतकं उघड आहे की त्यावर फारसा वाद होत नाही.

म्हणून आज अभ्यासक एडिंबऱ्याचं चॅपल डेव्हिडच्या खात्यावर टाकतात, ११३० च्या सुमारास. डेव्हिड आईच्या मृत्यूच्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता. वाढला इंग्लंडच्या दरबारात, कारण त्याची बहीण मटिल्डा राजा पहिल्या हेन्रीची राणी होती. त्या दरबारातली नॉर्मन, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमच्या लोकांची, रीत त्याने अंगात मुरवून घेतली. ११२४ मध्ये स्कॉटलंडच्या गादीवर बसल्यावर त्याने नॉर्मन सरदार आणले, नवी शहरं वसवली, मठ उभारले आणि त्यांच्यासोबत नॉर्मन पद्धतीचं बांधकामही आणलं. चॅपलला नाव आईचं आहे. हात मुलाचा.

कमान उभी कशी राहते

‘रोमनेस्क’ हा शब्द हे बांधणाऱ्यांपैकी कोणीही कधी ऐकलेला नव्हता. तो १९ व्या शतकाच्या सुरुवातीला, १८१८-१९ च्या दरम्यान, फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या हौशी अभ्यासकांनी वापरात आणला. अर्थ ढोबळमानाने ‘रोमन वळणाचं’. कारण या इमारतींची जान असलेली अर्धगोल कमान रोमन लोकांकडून आलेली. ब्रिटनमध्ये हीच शैली नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर जोमाने पसरली, त्यामुळे तिथे तिला नॉर्मनच म्हणतात. दोन नावं, शैली एकच.

दगडाचा स्वभाव विचित्र आहे. त्याच्यावर कितीही वजन रचा, तो सोसतो. पण दोन टोकांवर आडवा टेकवून मधे भार दिला, की खालच्या बाजूने ताणला जाऊन तडकतो. म्हणून दारावर टाकायचा आडवा दगड फार लांब ठेवता येत नाही. कमानीने हा प्रश्न सोडवला. तिच्यातला प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद. वरून भार आला की दगड एकमेकांत घट्ट रुतत जातात. ताण कुठेच येत नाही, सगळा नुसता दाब. तो दाब दगडादगडातून सरकत दोन्ही पायांकडे उतरतो.

उतरताना मात्र तो सरळ खाली जात नाही, थोडा बाहेरही ढकलतो. पाय फाकवून घसरड्या जमिनीवर उभं राहिलं की पाय आणखी फाकायला लागतात, तसं. अर्धवर्तुळाकार कमानीत हा बाहेरचा रेटा चांगलाच असतो. त्याला तोंड द्यायचं तर भिंत जाड हवी आणि तिच्यात फार भोकं नकोत. रोमनेस्क इमारतींच्या जाडजूड भिंती, टीचभर खिडक्या आणि आतला अंधार यामागे गूढ धार्मिक कारणं शोधणारे लोक पुष्कळ आहेत. बरीचशी कारणं या रेट्यात सापडतात. पुढे रोमनेस्कनंतरच्या गॉथिक शैलीच्या कारागिरांनी टोकदार कमान उचलून धरली. तिचा रेटा जास्त खाली आणि कमी बाहेर. मग भिंती पातळ झाल्या, खिडक्या उंच झाल्या, आत उजेड आला. पण ती पुढची गोष्ट.

एडिंबऱ्याच्या चॅपलच्या भिंती साधारण दोन फूट जाड आहेत. आकडा ऐकून कोणी दचकणार नाही. आपले जुने वाडे याहून जाड भिंतींचे असतात. पण आतली रुंदी दहा फूट. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून चार फूट. म्हणजे बाहेरून मोजलेल्या रुंदीत जवळजवळ तिसरा हिस्सा दगडच.

कमान बांधायची पद्धत आजच्या स्लॅबवाल्याला ओळखीची वाटेल. आधी लाकडाचं सेंट्रिंग. त्याच्या अर्धगोल पाठीवर दोन्ही बाजूंनी पाचरीचे दगड चुन्यात बसवत वर यायचं. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत कमानीला स्वतःचं बळ नसतं. तो बसला की सगळं जुळून येतं. मग चुना आळायला वेळ द्यायचा आणि हलक्या हाताने सेंट्रिंग उतरवायचं.

नक्षीचं कामही या पद्धतीला धरूनच. कमान उभी राहिल्यावर शिडीवर चढून कोणी दात खोदत बसत नसे. प्रत्येक पाचर जमिनीवर असतानाच तिच्या तोंडावर एक ‘व्ही’ आकार खोदायचा. सगळे ‘व्ही’ ओळीने बसले की अखंड दातेरी पट्टी तयार. म्हणजे फर्मा एक, माल हवा तेवढा. एकच नमुना अनेक हातांनी खोदता येतो. दगडांच्या रुंदीत थोडं कमीजास्त झालं तरी नक्षी ते पोटात घालते. शिवाय सूर्य किंवा मेणबत्ती बाजूने असली, की त्या खाचांत सावली भरते आणि थोडक्या श्रमात कमान उठून दिसते. शेव्हरॉन एवढी झपाट्याने का पसरली याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. फुलापानांची नक्षी खोदायला कलावंत लागतो. ही पट्टी हुशार पाथरवटाला पुरते.

बाहेरून न दिसणारा गाभारा

या चॅपलची सगळ्यात गमतीची गोष्ट नक्षीत नाही, आराखड्यात आहे. रोमनेस्क चर्चचा अर्धगोल गाभारा सहसा बाहेरूनही अर्धगोल दिसतो. पूर्वेच्या भिंतीला पोट आल्यासारखा तो पुढे येतो. एडिंबऱ्यापासून जवळच असलेल्या डाल्मेनी गावचं १२ व्या शतकातलं चर्च बघा, किंवा फाइफमधल्या लूखर्सचं. दोन्हीकडे लांबूनच गाभारा ओळखू येतो.

इथे मात्र बाहेरून चारी कोपरे काटकोनात. आतला अर्धगोल एका चौकोनी ठोकळ्यातून पोखरून काढल्यासारखा. पूर्वेचे दोन कोपरे त्यामुळे चांगलेच भरीव झाले आहेत. गाभाऱ्याच्या माथ्यावर दगडी अर्धघुमट आहे, आणि घुमटाचा रेटा तर चहूबाजूंनी. ते भरीव कोपरे तो आयताच पेलतात.

असं का केलं? काही अभ्यासकांचा तर्क असा, की हे चॅपल सुरुवातीला सुटं नव्हतंच; एखाद्या मोठ्या दगडी बुरुजवजा वाड्याचा तो एक भाग असावा. नॉर्मन किल्ल्यांच्या मुख्य इमारतीत अशी चॅपलं असत. लंडनच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर तसं एक आहेच. बाकीचा वाडा पडला आणि देवघर तेवढं उरलं, असं घडलं असेल तर बाहेरचा चौकोन समजतो. दुसरी बाजू म्हणते, माथ्यावर जागाच कमी, बांधकाम आटोपशीर करायचं होतं, एवढंच. मला पहिला तर्क जास्त पटतो, पण तो तर्कच.

कारण काहीही असो, परिणाम मोठा झाला. ज्या इमारतीचा देवपणा बाहेरून दिसतच नाही, तिला विसरून जाणं फार सोपं.

वाचण्याची कारणं

विसरण्याआधी ती वाचली कशी, तेही पाहू. १३१४ च्या मार्चमध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. स्कॉट राजा रॉबर्ट ब्रूसचा भाचा थॉमस रँडॉल्फ तीसेक निवडक माणसं घेऊन रात्री उत्तरेचा कडा चढला. वाट दाखवणारा विल्यम फ्रान्सिस. तरुणपणी तो याच किल्ल्यावर राहायचा आणि खाली गावातल्या मुलीला भेटायला रात्री चोरून कडा उतरायचा, म्हणून त्याला प्रत्येक खाच पाठ होती. हे सांगणारं जुनं काव्य पराक्रम रंगवण्यात हात आखडता घेत नाही, पण किल्ला पडला हे खरं. मग ब्रूसच्या धोरणाप्रमाणे किल्ल्यावरच्या इमारती पाडून टाकल्या, शत्रूने पुन्हा येऊन ठाण मांडू नये म्हणून. चॅपल तेवढं ठेवलं. ब्रूसने १३२९ मध्ये मरण्यापूर्वी त्याच्या डागडुजीसाठी चाळीस पौंड दिले, असं सांगतात.

म्हणजे पहिल्यांदा ते वाचलं पावित्र्यामुळे. दुसऱ्यांदा वाचलं ते नेमकं उलट कारणाने. १५६० मध्ये स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं. संतांची पूजा, त्यांचे अवशेष, त्यांच्या वेद्या, हे सगळं नव्या प्रोटेस्टंट पंथाला नकोसं. देशभर मठ ओस पडले, मूर्ती फुटल्या. १५७१ ते १५७३ या काळात किल्ल्याला प्रदीर्घ वेढा पडला आणि शेवटच्या मे महिन्यातल्या तोफांच्या माऱ्यात राजा दुसऱ्या डेव्हिडचा भक्कम बुरूज कोसळला. संत मार्गारेटच्या देवघरात आता प्रार्थनेला कोणी येत नव्हतं. मात्र किल्ल्यावर नवीन गरज होती, तोफांची दारू ठेवायची.

दारूकोठाराला काय लागतं? दगडी भिंती. लाकूड कमीत कमी. खिडक्या लहान आणि थोड्या, म्हणजे ठिणगी शिरायला वाट नाही. दार एक. आणि जागा माणसांच्या वर्दळीपासून बाजूला. बाराव्या शतकातल्या गवंड्याने देवासाठी जे बांधलं होतं, ते तोफखान्याच्या सुभेदाराने सांगून बनवून घ्यावं तसंच निघालं. पिंपं आत गेली. ज्या खोलीचा उपयोग आहे ती खोली सैन्य पाडत नाही, गळू लागली तर छपरही दुरुस्त करतं. सजवलेली, रिकामी, मानाची चर्चं दगडांसाठी फोडली गेली, हे टिकलं.

आत किती दारू होती कोण जाणे, पण एडिंबऱ्यातली सर्वांत जुनी इमारत एवढा काळ एका ठिणगीच्या अंतरावर उभी होती, हा विचार अंगावर काटा आणतो.

१८४५

डॅनियल विल्सन हा एडिंबऱ्याचाच. १८१६ चा जन्म, पेशाने खोदचित्रकार. शहरातल्या पडक्या-झडक्या जुन्या इमारतींची रेखाटनं करत हिंडायचा नाद. १८४५ मध्ये किल्ल्यावरच्या दारूकोठारात तो शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की हे कोठार म्हणून बांधलेलंच नाही. कमान होती, तिच्यावर दात होते, पलीकडे अर्धगोल गाभारा होता.

त्याच्याआधी शेकडो शिपाई रोज त्या कमानीखालून वाकून गेले असतील. डोळे त्यांनाही होते. विल्सनजवळ जास्तीचं काय होतं, तर नावं. १८१७ मध्ये इंग्लंडच्या थॉमस रिकमन नावाच्या माणसाने जुन्या चर्चांची शैलीवार वर्गवारी मांडली होती: अर्धगोल कमान आणि दातेरी नक्षी म्हणजे नॉर्मन, टोकदार कमान त्यानंतरची, वगैरे. गंमत म्हणजे रिकमन आधी हिशेबनीस होता. हिशेबाच्या वहीत रकाने पाडावेत तशी त्याने इमारतींची विभागणी केली. ती नव्या पिढीच्या अभ्यासकांना तोंडपाठ झालेली होती. विल्सनने अंधारात दात पाहिले आणि सात शतकं मागे गेला.

त्यालाही सुरुवातीला वाटलं की हे खुद्द मार्गारेटच्या वेळचं. दोष देण्यात अर्थ नाही. शेव्हरॉनचं दशकवार वेळापत्रक तयार व्हायला अजून बरीच वर्षं होती. हाच विल्सन पुढे कॅनडात टोरांटो विद्यापीठाचा प्रमुख झाला, आणि इंग्रजीत ‘प्रागैतिहासिक’ या अर्थाचा शब्द रूढ करण्याचं श्रेयही त्याच्याकडे जातं.

राणी व्हिक्टोरियाने रस घेतला आणि १८५१-५२ मध्ये डागडुजी झाली. जीर्णोद्धार म्हटला की आपल्याला जे भय वाटतं ते इथेही थोडं वाटायला हवं. व्हिक्टोरियाच्या काळातले वास्तुकार जुन्या इमारतीला ‘जशी असायला हवी होती तशी’ करण्यात पटाईत होते. या चॅपलचं नशीब असं, की ते नको तितकं लहान होतं. त्याचं भव्य काहीतरी करायचे बेत कागदावरच राहिले. तरी आज बघताना सगळंच बाराव्या शतकातलं समजू नये. सभामंडपावरची गोल दगडी छत मूळची नाही. उत्तरेकडचं प्रवेशद्वार १९ व्या शतकात नॉर्मन धर्तीवर केलेलं. खिडक्यांतल्या रंगीत काचा तर १९२२ च्या, डग्लस स्ट्रॅचन या स्कॉट कलावंताच्या. त्यांत संत अँड्र्यू, संत निनियन, संत कोलंबा आणि मार्गारेट आहेत, आणि त्यांच्या जोडीला विल्यम वॉलेस, जो संत नव्हता, इंग्रजांनी १३०५ मध्ये हालहाल करून मारलेला योद्धा होता. वॉलेसला चॅपलच्या काचेत बसवणं हे बाराव्या शतकाला कळलं नसतं. विसाव्या शतकातल्या स्कॉटलंडला मात्र ते अगदी स्वाभाविक वाटलं.

काचा चांगल्या आहेत. तरी आत गेल्यावर पाच मिनिटं त्यांच्याकडे पाठ करावी, असं मी म्हणेन. गर्दीत आत उभं राहायला मिळतं तेवढाच वेळ. भिंतींच्या खालच्या भागातले लहानमोठे घडीव दगड, अर्धघुमट आणि ती कमान, जुनं बघायचं ते हे.

मार्गारेटच्या एका पुस्तकाचंही असंच झालं. तिच्याकडे सोन्याच्या रंगाने सजवलेली चित्रं असलेली शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, एक छोटी पोथी होती. ती एकदा नदीत पडली आणि बऱ्याच वेळाने काढली तरी जवळजवळ न बिघडता निघाली, असा चमत्कार टरगॉटने लिहून ठेवला आहे. शतकानुशतकं त्या पोथीचा पत्ता नव्हता. १८८७ मध्ये इंग्लंडमधल्या सफोकच्या एका गावच्या ग्रंथालयातली एक जुनी पोथी विकायला निघाली. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने ती घेतली सहा पौंडांना. कोणाची आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, घेणाऱ्यालाही नव्हतं. मग ल्यूसी हिल या तरुण अभ्यासक स्त्रीने पोथीच्या सुरुवातीच्या पानावर लिहिलेली एक लॅटिन कविता वाचली. त्या कवितेत पाण्यात पडून न भिजलेल्या पुस्तकाची हकिगत होती. चॅपल दातांवरून ओळखलं गेलं, पोथी कवितेवरून. ती अजून ऑक्सफर्डलाच आहे.

चॅपलमध्ये आजही लग्नं लागतात, मुलांना बाप्तिस्मा दिला जातो. वऱ्हाडी अर्थातच मोजकेच. १९४२ मध्ये सेंट मार्गारेट चॅपल गिल्ड नावाचं मंडळ स्थापन झालं आणि त्याने एक पायंडा पाडला तो अजून चालू आहे: वेदीजवळची ताजी फुलं स्कॉटलंडमधल्या मार्गारेट नावाच्या बायका पाळीपाळीने ठेवतात. सकाळी लवकर, तोफेशी गर्दी जमायच्या आत गेलात, तर फुलदाणी घेऊन किल्ला चढणारी एखादी मार्गारेट वाटेत भेटेलही.